आप्पांच्या ताटातलं हिरवं

शिवगंगाबाईला कुणी सहज जरी ‘आज काय केलं?’ असं विचारलं तरी तिच्या तावडीतून लवकर सुटका नसे. कढी केली एवढं सांगून ती थांबणारी नव्हे. कढी कुणीही करतं. कढी चुलीवरून उतरवल्यावर तिच्यात हातानं चुरगाळून टाकलेला कढीपत्ता, आणि तोही बाजारातला वाळलेला नव्हे, आत्ता या घटकेला अंगणातून तोडून आणलेला, हे सगळं ऐकून घ्यावं लागे. ऐकणारीचं दूध घरी उतू गेलं तरी शिवगंगाबाईचा कढीपत्ता संपत नसे.

अंगण म्हणायचं ते भिंतीला लागून पडलेली एक चिंचोळी पट्टी. तिथं तेलाच्या डब्यांत कोथिंबीर, फुटक्या घागरीच्या बुडात पुदिना, न्हाणीच्या तोंडाशी हातभर वाफा आणि त्यात शेपू अन् चुका. कोपऱ्यात ओवा आणि कमरेएवढं कढीपत्त्याचं झाड. एवढ्यावर ती अख्खा उन्हाळा काढायची. सकाळी ज्वारीच्या पिठाची अंबील, ती गार झाली की ताक, ठेचलेला लसूण आणि वरून मूठभर कोथिंबीर. दुपारी भाकरीबरोबर कैरी-पुदिन्याची चटणी, पाट्यावर वाटलेली. कधी चुक्याचं वरण, कधी शेपू घालून मुगाची डाळ. कुणी पाहुणा टपकला तर ओव्याच्या पानांची भजी. उन्हाळ्यात पोटाला गार आणि डोळ्याला हिरवं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिचं म्हणणं खोडून काढायची नवऱ्याची छाती नव्हती.

नवरा बसवंत स्वभावानं गरीब. लातूरचा जिल्हा झाला त्या धामधुमीत त्याला एका नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली, आणि निलंग्याकडच्या खेड्यातलं त्यांचं बिऱ्हाड लातूरच्या कडेला एका नव्या वसाहतीत आलं. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या, भिंतींवर पाट्या रंगल्या. पाणी तेवढं तालुक्याच्या गावाला पुरेल इतकंच राहिलं. पुढं सलग दोन साल पाऊस रुसला तेव्हा तेही राहिलं नाही. टँकरची वाट बघत वसाहतीतल्या बायका रस्त्याच्या कडेला घागरींची रांग लावून बसायच्या, आणि टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं.

त्याच साली शिवगंगाबाईची सासू वारली. उमाबाई तिचं नाव, घरात सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वा आणि सासरे आप्पा दोघं खेड्यातच राहायचे. अव्वा आजारी पडली तेव्हा शिवगंगाबाई जाऊन तिच्या उशाशी बसली होती. शेवटी शेवटी अव्वाला बोलवत नव्हतं, तरी सुनेचा हात धरून, आप्पांकडं बघत ती एवढं म्हणाली, “गंगव्वा, यांला उपाशी ठिवू नगंस.” शिवगंगाबाईनं हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द तिनं अंगाला बांधूनच घेतला. पुढं गावातली विहीर आटली, एकट्या म्हाताऱ्याला तिथं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून बसवंत चैत्रात जाऊन वडिलांना लातूरला घेऊन आला.

नागप्पा आप्पा म्हणजे उंच, हाडापेरानं मोठा, कमी बोलणारा माणूस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात बंडी. आले तेव्हा त्यांची रया गेली होती. अर्धी भाकरी खायचे आणि हात आखडता घ्यायचे. शिवगंगाबाई दाराच्या चौकटीला धरून, डोक्यावरचा पदर सावरत, त्यांच्या ताटाकडं बघत उभी राहायची. सासऱ्यासमोर बसायची रीत नव्हती, पण बघायला कुणाची मनाई होती? त्यांचा हात थांबला की तिला अव्वाला दिलेला शब्द आठवायचा.

एक दिवस तिनं पुदिन्याची चटणी वाढली. आप्पांनी मान वर करून दाराकडं पाहिलं, तिला पाहिलं, आणि चटणीला भाकरी लावून अख्खी भाकरी संपवली. वर आणखी थोडी चटणी मागून घेतली. झालं! शिवगंगाबाईला गुरुकिल्लीच सापडली. आप्पांना हिरवं लागतं. हिरवं असलं की आप्पा जेवतात. त्या संध्याकाळपर्यंत ही बातमी वसाहतीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली होती. “आमचे आप्पा माज्या हिरव्यावरच जगून राहिलेत बगा,” असं ती ज्याला त्याला सांगू लागली. आप्पा अंगणात बाजेवर बसून हे सगळं ऐकत असत.

पण चैत्र सरला आणि ऊन असं तापलं की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, भांड्यांचं शेवटचं पाणी, जे हाती लागेल ते ती झाडांना घालायची. तेवढ्यानं काय होणार? कोथिंबीर पिवळी पडली, पुदिन्याची पानं कडेनं काळी झाली, शेपू तर मान टाकून आडवाच झाला. एके सकाळी वाफ्यासमोर उकिडवी बसून शिवगंगाबाई हमसून हमसून रडली. “आता आप्पांना काय घालू खायाला? अव्वाला काय सांगू म्या?” असं ती झाडांना म्हणाली, का देवाला, का नुसतीच हवेला, कुणास ठाऊक. बसवंत कचेरीत गेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. आप्पा बाजेवर डोळे मिटून पडले होते आणि त्यांना झोप लागली असावी असं तिला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत झाडांनी मान वर केली. कोथिंबिरीला नवी पालवी फुटली, पुदिना घागरीच्या काठावरून खाली लोंबू लागला. आजूबाजूला बाभळीसुद्धा वाळून चालल्या होत्या, आणि हिच्या अंगणात हे! शहाण्या माणसानं अशा वेळी जरा विचार केला असता. पण कौतुकानं माणूस आंधळं होतं, आणि शिवगंगाबाईला कौतुकाची भारी हौस. “माजा हातच तसा हाय,” ती म्हणायची. “म्या नुसतं हात लावला तरी झाड जगतंय.” हे ती इतक्या वेळा म्हणाली की तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

शेजारच्या साखराबाईला मात्र ते खरं वाटत नव्हतं. साखराबाईची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. दोघींच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती, आणि त्या भिंतीवरून साखराबाईचं डोकं वेळी अवेळी उगवायचं. एकदा टँकरच्या रांगेत सगळ्या बायकांसमोर तिनं बोलूनच टाकलं.

“लेकरांला प्यायला घोटभर न्हाई, आन् हितं कोथिंबिरी हिरव्यागार! आमाला बी दिसतंय सगळं. पाणी कुटून येतंय ते बी दिसतंय.”

“म्या काय चोरून आणते का काय?” शिवगंगाबाई उसळली.

“चोरून न्हाई गं बाई. घरातलंच हाय तुज्या. तुला पटतंय तर आमाला काय!”

शिवगंगाबाईला वाटलं, ही जळते. तिनं फणकाऱ्यानं घागर उचलली आणि पुढं कितीतरी दिवस साखराबाईशी बोलणं टाकलं. तेव्हाच थांबून, घरातलंच म्हणजे कुठलं गं, एवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण भांडणाच्या तोंडावर असं सरळ विचारणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

अशात तिला घरातच एक गोष्ट खुपू लागली. त्यांच्या लिंगायत घरात रीत अशी की ताटात वाढलं तो प्रसाद. शीत सांडायचं नाही, टाकायचं तर नाहीच. जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचं, बोटानं ताट निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आप्पांनी जन्मभर हे पाळलेलं. लग्नाच्या पंगतीत लोक हसले तरी पाळलेलं. आणि आता आप्पा ताट धूत होते, पण पाणी पीत नव्हते. ताट तसंच दोन्ही हातांत धरून उठायचे, बाहेर न्हाणीकडं जायचे आणि रिकामं ताट घेऊन परत यायचे.

पहिल्यांदा तिला वाटलं, म्हातारपणी विसरले असतील. पण ते रोजचंच झालं. मग तिच्या मनात कीड शिरली. आपल्या हातचं अन्न आप्पांना प्रसाद वाटत नाही. अव्वाच्या हातचं ताट ते धुऊन पीत होते, आणि आपल्या हातचं न्हाणीत ओततात! एवढं हिरवं खाऊ घालून, एवढा जीव पाखडून, शेवटी आपण परकीच. हा अपमान तिला फार झोंबला.

तिनं बसवंतला गाठलं. “आवो, तुमी इचारा त्यांला. माजं काय चुकलं ते तरी कळू द्या.”

बसवंतनं चार दिवस टाळाटाळ केली आणि मग एकदाचं विचारलं. आप्पा म्हणाले, “तिचं काय बी चुकलं न्हाई. तिला म्हणावं मनाला लावून घेऊ नगंस.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेऊन बाहेर गेले.

दुखावलेली माणसं दोन तऱ्हेची. काही हात आखडतात, काही इरेला पेटतात. शिवगंगाबाई इरेला पेटली. तिनं स्वयंपाकाचा नुसता सपाटा लावला. आज कोथिंबिरीचे धपाटे, उद्या पुदिना घालून ताक, परवा चुका-शेपूची मिसळ भाजी. अंगणातून ती ओंजळी ओंजळीनं तोडून आणायची, आणि झाडं पुन्हा भरून यायची. रात्री आप्पांच्या बाजेखाली ती तांब्या भरून ठेवायची. सकाळी तांब्या रिकामा असायचा. चला, पाणी तरी नीट पितात, असं मनाशी म्हणत ती तो घासून पुन्हा भरायची. आप्पा जेवत होते, तिच्या डोळ्यांसमोर जेवत होते. तरी त्यांच्या गालाची हाडं वर का येत होती, ओठ का फुटत होते, हे तिला समजत नव्हतं. अव्वाच्या आठवणीनं झुरत असतील, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली.

वैशाख सरता सरता एका दुपारी आप्पा जेवून उठले, ताट हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यातच कोसळले. ताट खणखणत अंगणात गेलं. शिवगंगाबाई धावली. अंग तापून फणफणत होतं, पण घामाचा थेंब नव्हता. डोळे अर्धे उघडे, जीभ कोरडी ठक्क. तिच्या किंकाळीनं सगळी वसाहत गोळा झाली. कुणीतरी रिक्षा आणली, कुणीतरी बसवंतला निरोप धाडला, आणि आप्पांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, थकलेला. उन्हाळ्यानं वॉर्ड भरून गेला होता. त्यानं आप्पांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

“पाणी किती पितात हे?”

“भरपूर पितेत की,” शिवगंगाबाई ठामपणे म्हणाली. “रातच्याला तांब्या भरून ठिवते. सकाळी रिकामा आसतोय. जेवताना बी देते.”

“बाई, शरीरात पाणीच नाहीये. लघवी जवळजवळ बंद आहे. मूत्रपिंडाला मार बसलाय. कधीपासून चाललंय हे?”

शिवगंगाबाई बोटांवर दिवस मोजू लागली. सलाईनची बाटली लागली, नळीतून पाणी थेंब थेंब उतरू लागलं, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. पाणी गेलं कुठं?

ते तिला साखराबाईनं सांगितलं. संध्याकाळी साखराबाई दवाखान्यात आली ती हातात लिंबं घेऊन आणि कपाळाला आठ्या घालून. आप्पांकडं बघून तिचे डोळे भरले, आणि मग ते पाणी तसंच ठेवून ती शिवगंगाबाईवर घसरली.

“झालं का समाधान? पिकिवली का कोथिंबीर? म्हातारं माणूस रोज फाटंचं उठून तांब्या तुज्या झाडांला घालून राहिलंय, जेवलं की ताटातलं बी नेऊन घालून राहिलंय. भिंतीवरून म्या रोज बगते. सासऱ्याच्या वाटणीचं पाणी झाडाला! कुटं फेडशील गं हे?”

शिवगंगाबाई आप्पांच्या फुटलेल्या ओठांकडं बघू लागली. साखराबाईनं तिच्याकडं पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “तूच सांगितलं न्हवतंस व्हय त्यांला?”

शिवगंगाबाईनं मान हलवली. नाही. मग तिला रडू आलं ते असं की नर्स येऊन रागावली.

दोन दिवसांनी आप्पा शुद्धीवर आले. चेहरा सुजला होता, आवाज खोल गेला होता. बसवंत औषधं आणायला गेला होता. शिवगंगाबाई खाटेजवळ उभी होती, पदर डोक्यावर होता की नव्हता याचं तिला भान नव्हतं. सासऱ्याला जाब विचारायची तिची ही पहिलीच वेळ.

“आप्पा, कामून केलाव असं?”

आप्पांनी डोळे मिटून घेतले. ती जाईल अशी वाट पाहिली असावी. ती गेली नाही.

“तू रडलीस,” ते म्हणाले. “वाफ्याम्होरं बसून. मला बगवलं न्हाई.”

“पर म्या तुमच्यासाटीच रडले की! तुमाला हिरवं लागतंय म्हणून. हिरवं आसलं की तुमी खाताव म्हणून!”

आप्पा हळूहळू, शब्द शोधत बोलले.

“चव लागत न्हाई गंगव्वा. उमा गेल्यापासनं कशाचीच लागत न्हाई. पुदिना काय आन् माती काय. तू दारात हुबी ऱ्हातीस, माज्या ताटाकडं बगतीस. म्या खाल्लं की तुजं त्वांड फुलतंय. म्हणून खात हुतो.”

शिवगंगाबाईनं खाटेची दांडी घट्ट धरली. सगळा उन्हाळा तिच्या नजरेसमोरून गेला. पाट्यावर वाटलेल्या चटण्या, ओंजळ ओंजळ कोथिंबीर, सगळ्या वसाहतीला सांगत सुटलेली फुशारकी. आपण आप्पांना खाऊ घालतो आहोत, असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात म्हातारा माणूस तिचं मन राखायला जेवत होता आणि तिचं मन राखायला तहानलेला राहत होता. ‘चूल पेटवायच्या आधी एकदा तरी विचारायचं होतंस,’ असं तिनं स्वतःला म्हटलं.

ती घरी गेली तेव्हा अंगणातली झाडं संपली होती. आप्पांचं पाणी तुटून जेमतेम चार दिवस झाले असतील, तेवढ्यात पुदिन्याचा पाचोळा झाला होता, कोथिंबिरीच्या काड्या राहिल्या होत्या, शेपूचा तर मागमूसही नव्हता. इतके दिवस ज्या हाताचा तिनं तोरा मिरवला त्या हाताकडं ती बघत राहिली. भिंतीवरून साखराबाईनं भरली कळशी पुढं केली. “घाल त्यांला. एखांदं जगंल,” असं ती कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाली. शिवगंगाबाईनं कळशी घेतली, आत नेली, चुलीवर पातेलं ठेवलं आणि ते सगळं पाणी उकळून गार करून दवाखान्यात न्यायच्या बाटल्यांत भरलं. झाडांकडं तिनं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात नवीच पंचाईत उभी होती. डॉक्टरांनी सलाईन कमी करून तोंडानं पाणी द्यायला सांगितलं होतं, आणि आप्पा पीत नव्हते. बसवंतनं विनवलं, नर्सनं दरडावलं. ओठाला पेला लावला की ते मान फिरवायचे. “असंच चाललं तर मी काही करू शकणार नाही,” असं डॉक्टर बसवंतला बाहेर नेऊन म्हणाला, ते तिनं ऐकलं. तिनं पेल्यात पाणी ओतलं आणि खाटेजवळ गेली.

“आप्पा, पाणी प्या.”

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. “झाडं कशी हायेत?”

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला.

“हिरवीगार हायेत.”

“पाणी?”

“म्या घालते की. साखराबाई बी देऊन राहिलीय. लई पाणी हाय आता. कोथिंबीर तर अशी दाटलीय, तुमी बगालच.”

आप्पांनी तिच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. ती हसली. उभ्या जन्मात तिनं इतक्या कष्टानं काही केलं नव्हतं. मग आप्पांनी मान थोडी उचलली आणि पेला तोंडाला लावू दिला. घोट घोट करत त्यांनी सगळं पाणी संपवलं, आणि पडल्या पडल्या म्हणाले, “बरं झालं.”

तिनं दुसरा पेला भरला. घरी गेल्यावर आप्पांना अंगणात काय दाखवायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण आप्पांना घरी कधी सोडणार, हे डॉक्टरांनीही अजून सांगितलं नव्हतं.